डिजिटल फोटोची पाठ

वन-नॉर्थ स्थानकात उतरलात, तर एकदा पाटीकडे नीट बघा. सर्कल लाइनवरचं हे स्थानक ८ ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झालं. त्याचं इंग्रजी नाव सगळंच्या सगळं लहान लिपीत लिहितात. पहिलं अक्षरसुद्धा मोठं नाही, आणि दोन शब्दांच्या मध्ये मोकळी जागा नसून जोडरेघ आहे. सिंगापूर विषुववृत्ताच्या साधारण एक अंश उत्तरेला, म्हणून हे नाव. नावातच जागेचा पत्ता सांगून टाकलाय.

स्थानकाबाहेर पडून बायोपोलिसकडे चालू लागलात की इमारतींची नावं दिसतात: जीनोम, प्रोटिओस, मॅट्रिक्स, नॅनोस, क्रोमोस. ही नावं माणसांसाठी आहेत. "जीनोमच्या खाली भेटू" म्हटलं की सहकाऱ्याला कळतं. पण त्याच इमारतीला '६० बायोपोलिस स्ट्रीट' असा रस्त्यावरचा पत्ताही आहे आणि १३८६७२ असा सहा आकडी पिनकोडही. सिंगापुरात १९९५ पासून जवळजवळ प्रत्येक इमारतीला स्वतःचा वेगळा पिनकोड असतो, त्यामुळे टपालवाल्याला 'जीनोम' म्हणजे काय हे माहीत नसलं तरी पत्र बरोबर पोचतं. उद्या इमारतीचं नाव बदललं तरी पिनकोडचं काही बिघडणार नाही.

एकाच वस्तूला एक नाव यंत्रासाठी आणि एक माणसासाठी, ही साधी गोष्ट आपण घरच्या फोटोंच्या बाबतीत मात्र विसरतो. तुमच्या फोनमध्ये आत्ता किती हजार फोटो आहेत? त्यातल्या किती फोटोंना यंत्राने दिलेल्या 'आयएमजी_४५२३' छापाच्या नावापलीकडे काही ओळख आहे? आणि तुमच्यानंतर ते उघडणाऱ्या माणसाला त्या फोटोतली बाई कोण, हे कशावरून कळणार?

एका मराठी मुलीचा फोटो

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियामधला एक फोटो तुम्ही बहुधा पाहिला असेल. तारीख १० ऑक्टोबर १८८५. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. एक आपली आनंदीबाई जोशी, दुसरी जपानची केई ओकामी आणि तिसरी सीरियातल्या दमास्कसची इस्लांबूली. आज हा फोटो ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहात जपलेला आहे.

फोटो जगभर ओळखला जातो याचं श्रेय छायाचित्रकाराला आहेच, पण त्याहून जास्त श्रेय प्रत्येकीचं नाव आणि गाव फोटोसोबत लिहून ठेवणाऱ्या माणसाला आहे. तो मजकूर नसता, तर 'परदेशी पोशाखातल्या तीन अनोळखी तरुणी' एवढंच उरलं असतं. आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षंही पूर्ण झाली नसताना, त्या गेल्या. 'ही मी' असं सांगायला त्या उरल्या नाहीत. सांगायचं काम त्या ओळीने केलं.

पण त्याच ओळीत एक अडचणही आहे. त्यात 'आनंदीबाई'चं 'आनंदाबाई' झालंय आणि 'जोशी'चं इंग्रजी स्पेलिंग आज आपण करतो तसं नाही. शेवटी दोन 'ई' आहेत. तिसऱ्या विद्यार्थिनीचं नाव तर कुठे साबात, कुठे ताबात असं येतं. शिवाय आनंदीबाईंचं जन्मनाव यमुना. म्हणजे एका बाईला शोधायचं तर निदान तीन-चार रूपं माहीत हवीत. हाच प्रश्न आपल्या घरच्या फोटोंमध्येही आहे, फक्त आपण तो अजून मोजलेला नाही.

छापील फोटोला निदान पाठ असायची. आजोबा पेन्सिलीने तिथे लिहायचे: कुणाची मुंज, कुठल्या गावी, कुठल्या साली. डिजिटल फोटोला पाठ नाही असं वाटतं. खरं म्हणजे ती आहे, आणि कागदापेक्षा खूप मोठी आहे. तिच्यावर आपण लिहीत नाही, इतकंच.

हे 'आयएमजी' येतं कुठून?

जपानच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगसंघटनेने १९९८ मध्ये कॅमेऱ्यांसाठी एक नियम ठरवला. त्याला डीसीएफ म्हणतात. मेमरी कार्डावर 'डीसीआयएम' नावाचा फोल्डर, त्यात १०० ते ९९९ या आकड्यांनी सुरू होणारे पोटफोल्डर, आणि फाईलच्या नावात चार अक्षरं अधिक चार आकडे. त्या काळी कार्डांवर डॉसच्या जमान्यातली फाईल व्यवस्था असायची आणि तिच्यात नावाला आठ अक्षरं व शेपटीला तीन, एवढीच जागा होती. म्हणून चार अधिक चार. आज फोनमध्ये शेकडो जीबी जागा आहे, तरी पुष्कळ कॅमेऱ्यांत आणि फोनमध्ये नाव देण्याची पद्धत तीच चालू आहे.

चार आकडे म्हणजे ०००१ ते ९९९९. त्यानंतर मोजणी पुन्हा एकपासून. रोज सरासरी पंधरा फोटो काढणाऱ्या घरात साधारण एक वर्ष दहा महिन्यांत आकडे संपतात आणि 'आयएमजी_०००१' दुसऱ्यांदा जन्माला येतो. नवरा-बायको दोघांचेही फोन एकाच कंपनीचे असतील तर हे आणखी लवकर होतं. दोन्ही फोनचे फोटो एका फोल्डरमध्ये ओतले की संगणक विचारतो, जुनी फाईल पुसून नवी ठेवू का? घाईत 'हो' दाबलं, की एक फोटो गेला. विशेष म्हणजे तो गेल्याचं कळतही नाही, कारण त्या नावाची फाईल तिथे असतेच.

म्हणून फाईलच्या नावाकडून पहिली अपेक्षा ही की ते एकमेव असावं. सुंदर असायची गरज नाही. पिनकोडकडून आपण सौंदर्याची अपेक्षा करत नाही.

नाव, शीर्षक, वर्णन: तीन वेगळ्या जागा

इथे थोडं थांबून शब्द वेगळे करून घेऊ.

*फाईलचं नाव* फोटोच्या आत नसतं. ते डिस्कच्या नोंदवहीत असतं. फाईल दुसरीकडे पाठवताना वाटेतली कुठलीही यंत्रणा ते बदलू शकते. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपने आलेला फोटो बघा: त्याला नवं नाव मिळतं, ज्यात तारीख, 'डब्ल्यूए' आणि त्या दिवसाचा क्रमांक असतो. ती तारीख फोटो आल्याची असते, काढल्याची नव्हे. मावशीने दहा वर्षांपूर्वीचा फोटो काल पाठवला, तर नावात कालची तारीख.

*शीर्षक, वर्णन आणि टॅग* फाईलच्या आत लिहिता येतात. फोटोच्या ठिपक्यांबरोबर एक मजकुराचा कप्पा असतो. कॅमेरा स्वतः जे लिहितो (वेळ, लेन्स, जीपीएस) त्याला एक्झिफ म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती १९९५ ची. वृत्तसंस्थांनी फोटोखालच्या ओळीसाठी आयपीटीसी हे मानक केलं. आणि २००१ मध्ये ॲडोबीने एक्सएमपी आणलं. २०१२ पासून ते आयएसओ मानकही आहे. हीच डिजिटल फोटोची पाठ.

गोम अशी, की अनेक ॲप तुम्ही लिहिलेलं शीर्षक फाईलमध्ये लिहीतच नाहीत. स्वतःच्या वहीत ठेवतात. गूगल फोटोजमध्ये लिहिलेलं वर्णन गूगलकडे राहतं आणि 'टेकआउट'ने सगळं उतरवून घेतलंत की ते फोटोच्या शेजारी वेगळ्या जेसन फाईलमध्ये येतं. ॲपलच्या फोटोज ॲपमधून मॅकवर निर्यात करताना शीर्षक व टॅग सोबत घ्यायचे का, हा पर्याय निवडावा लागतो. लाइटरूममध्ये लिहिलेलं आधी त्याच्या कॅटलॉगमध्ये जातं. फाईलमध्ये उतरवायला वेगळा हुकूम द्यावा लागतो. यात कुणाची लबाडी नाही, रचना तशी आहे. पण तुम्ही दोन वर्षं खपून लिहिलेल्या ओळी फोटोच्या पाठीवर आहेत की दुकानदाराच्या वहीत, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

तपासायची युक्ती सोपी आहे. एका फोटोला शीर्षक द्या, तो ॲपमधून बाहेर काढा आणि दुसऱ्याच कुठल्या तरी प्रोग्रॅममध्ये उघडा. शीर्षक दिसलं, तर पाठीवर आहे.

तारीख: अडीच तासांचा घोळ

फाईलच्या नावात तारीख असेल तर ती वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा: २०२४-११-०१. हा आयएसओ ८६०१ चा क्रम, १९८८ पासूनचा. संगणक नावं डावीकडून अक्षर-अक्षर लावतो. आपण सवयीने ०१-११-२०२४ लिहिलं, तर सगळ्या वर्षांतल्या सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात, मग दोन तारखा. वर्ष आधी ठेवलं की नावांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. तसंच १ ऐवजी ०१ लिहा, नाहीतर पुष्कळ ठिकाणी १० हा २ च्या आधी येऊन बसतो.

आता सिंगापूरकरांचा खास घोळ. एक्झिफमध्ये वेळ लिहिली जाते ती घड्याळातली स्थानिक वेळ. ती कुठल्या देशाची, हे लिहायची सोय २०१६ च्या आवृत्तीपर्यंत नव्हती. फोन विमानतळावर उतरताच आपली वेळ बदलतो. कॅमेरा मात्र बॅगेत सिंगापूरच्याच वेळेवर चालत राहतो, भारतापेक्षा अडीच तास पुढे.

२०२४ ची दिवाळी घ्या. सिंगापुरात दीपावलीची सुट्टी होती ३१ ऑक्टोबरला, महाराष्ट्रात लक्ष्मीपूजन होतं १ नोव्हेंबरला आणि पाडवा २ तारखेला. समजा तुम्ही पुण्याला गेला होतात आणि १ तारखेला रात्री पावणेदहाला घरच्या पूजेचा फोटो काढला. फोनमध्ये त्याची नोंद १ नोव्हेंबर, २१:४५. कॅमेऱ्यात २ नोव्हेंबर, ००:१५. म्हणजे कॅमेऱ्यापुरतं लक्ष्मीपूजन पाडव्याला झालं. लग्नाच्या फोटोंत तर फोनवरची सप्तपदी आणि कॅमेऱ्यावरचा अंतरपाट एकमेकांत मिसळून जातात.

व्हिडिओचा प्रकार आणखी निराळा. एमपी४ फाईलमध्ये निर्मितीची वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची असते. सिंगापूर तिच्या आठ तास पुढे. नरकचतुर्दशीला पहाटे सहाला तुम्ही इथल्या घरात पोरांच्या अभ्यंगस्नानाचा व्हिडिओ घेतला, तर आत लिहिलं जातं आदल्या दिवशीचे रात्रीचे दहा. फोटो एका दिवसात आणि व्हिडिओ दुसऱ्या दिवसात पडतो, आणि आपण म्हणतो व्हिडिओ हरवला.

उपाय अवघड नाही. नाव देण्याच्या आधी वेळ दुरुस्त करा. डिजिकॅम, लाइटरूम, ॲपल फोटोज या सगळ्यांत निवडलेल्या फोटोंची वेळ एकदम पुढे-मागे सरकवायची सोय आहे. 'एक्झिफटूल' या फुकट साधनाला एका ओळीत सांगता येतं की या फोल्डरमधले सगळे फोटो अडीच तास मागे घे. किती सरकवायचं हे ठरवायला दोन्ही साधनांनी टिपलेला एकच क्षण शोधा. आरतीची पहिली ज्योत किंवा वरमाला पुरते. आणि हो, हे सगळं प्रतीवर करा, मूळ फाईलींवर नको.

देवनागरीत नाव द्यावं का?

इंग्रजी नावांत लहान-मोठ्या अक्षरांची अडचण असते. विंडोज आणि मॅकच्या नेहमीच्या व्यवस्थेला मोठ्या 'डी'चा दिवाळी आणि छोट्या 'डी'चा दिवाळी एकच वाटतात. घरच्या एनएएस डब्यातल्या लिनक्सला ते दोन वेगळे फोल्डर वाटतात. म्हणून स्थानकाच्या पाटीसारखं करा: सगळं लहान लिपीत, मोकळ्या जागेऐवजी जोडरेघ. प्रश्नचिन्ह, तारा, अपूर्णविराम आणि तिरकी रेघ टाळा. विंडोज ती चिन्हं नावात घेतच नाही.

देवनागरीत लहान-मोठं नाही, पण वेगळी गंमत आहे. 'वऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला ऱ संगणकात तीन प्रकारे लिहिता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलंत. दोन, साधा र, त्याला नुक्ता, मग हलंत. तीन, साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडणारं चिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. आतून पहिल्यात सहा चिन्हं आहेत, दुसऱ्या-तिसऱ्यात सात. ॲपलची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था फाईलच्या नावातला पहिला प्रकार गुपचूप दुसऱ्यात बदलून ठेवायची. त्या डिस्कवरून लिनक्सच्या डब्यावर प्रती घेतल्या की 'वऱ्हाड' नावाचे दोन फोल्डर शेजारी-शेजारी दिसू शकतात, आणि एकाला शोधलं तर दुसरा सापडेलच असं नाही. दऱ्या, पुऱ्या, कऱ्हाड, सगळ्यांची हीच कथा.

दुसरी गोष्ट लांबीची. युनिकोडच्या नेहमीच्या यूटीएफ-८ लेखनात इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन. लिनक्सवर फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हं; काना, मात्रा, हलंत सगळे धरून. ते पुरे आहे. पण आयपीटीसीच्या जुन्या आवृत्तीत शीर्षकाला फक्त ६४ बाइट होते. 'आजीआजोबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस' हे शीर्षक घ्या. 'आजीआजोबांच्या' ३९ बाइट, मोकळी जागा १, 'लग्नाचा' २१, आणखी एक मोकळी जागा, झाले ६२. पुढच्या 'प'ला तीन हवेत, उरलेत दोन. म्हणजे शीर्षक 'लग्नाचा' इथेच तुटणार. जुनं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मराठी शीर्षक अर्ध्यात तुटण्याचं हे एक कारण असू शकतं.

तिसरी गोष्ट आकड्यांची. फाईलच्या नावात इंग्रजी आकडेच वापरा. काही प्रोग्रॅमना २ आणि त्याचं इंग्रजी रूप सारखं वाटतं, काहींना नाही, आणि सरमिसळ झाली की क्रम बिघडतो. (इथे उदाहरणं देवनागरीत आहेत ती वाचायच्या सोयीसाठी.)

यातून निघणारा सल्ला असा: फाईलचं नाव छोटं, रोमन लिपीत, इंग्रजी आकड्यांत. तो पिनकोड. मराठी सगळं शीर्षकात आणि वर्णनात, मनमोकळं, शुद्ध, हवं तितकं लांब. एक्सएमपी युनिकोडमध्ये असल्याने तिथे देवनागरी सुखाने राहते. शिवाय एक्सएमपीत एकाच शीर्षकाची दोन भाषांतली रूपं भाषेच्या खुणेसह ठेवता येतात. डिजिकॅममध्ये ही सोय आहे. इथे वाढणारी आपली बरीच मुलं मराठी बोलतात, पण सराईतपणे वाचत नाहीत. त्यांच्यासाठी इंग्रजी ओळ, आजीसाठी आणि भाषेसाठी मराठी ओळ. एकाला दुसरीची अडचण होत नाही.

'आजी' म्हणजे कुणाची?

आता यंत्राचा भाग संपला, माणसांचा सुरू.

शीर्षकात आपण लिहितो 'आजी आणि मामी, गणपती'. आज ते स्पष्ट आहे. तीस वर्षांनी तुमच्या नातवाने वाचलं तर? त्याची आजी म्हणजे तुम्ही किंवा तुमची बायको. 'आजी', 'मामी', 'काकू' ही नाती लिहिणाऱ्याच्या जागेवरून मोजलेली असतात. लिहिणारा बदलला की अर्थ बदलतो. म्हणून नातं लिहा, पण त्यासोबत पूर्ण नावही लिहा.

बायकांच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलायचं, पुष्कळदा पहिलं नावही. यमुनेची आनंदी झाली तशा आपल्या घरोघरच्या पणज्या. माहेरच्या अल्बममध्ये ती एका नावाने आहे, सासरच्या अल्बममध्ये दुसऱ्या. दोन्ही नावं टॅगमध्ये टाकली नाहीत, तर पुढच्या पिढीला ती दोन वेगळ्या बायका वाटतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे माहेरची मुलगी अनोळखीच राहील. फोन चेहरे ओळखून गट पाडतो हे खरं. पण गटाला नाव द्यायचं काम त्याला येत नाही. तो फक्त इतकंच सांगेल की या सव्वाशे फोटोंत हीच बाई आहे.

घरातले जुने छापील फोटो स्कॅन करत असाल तर दोन्ही बाजू स्कॅन करा आणि दोन्ही फाईलींना एकच क्रमांक देऊन शेवटी 'पुढे' आणि 'मागे' जोडा. मागे शके असेल तर हिशेब करा: गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. 'वैशाख, शके १८८४' म्हणजे १९६२. 'माघ, शके १८८३' म्हणजेही १९६२ च. मूळ मजकूर वर्णनात जसाच्या तसा उतरवा. तुमचा हिशेब त्याच्याखाली वेगळा लिहा.

स्कॅनर फोटोला आजची तारीख चिकटवतो, ती बदला. नेमकी तारीख माहीत नसेल तर १ जानेवारी अशी खोटी अचूकता नको. आयएसओ ८६०१ च्या २०१९ च्या दुसऱ्या भागात यासाठी खुणा आहेत: वर्ष अंदाजे असेल तर त्यापुढे '~' ही लाटेसारखी खूण, साठचं दशक एवढंच ठाऊक असेल तर १९६ आणि शेवटच्या आकड्याच्या जागी 'एक्स'. शंका असेल तर प्रश्नचिन्ह, पण ते फक्त वर्णनात. विंडोजच्या फाईलनावात चालत नाही, हे वर आलंच आहे.

माहिती नसलेले फोटो ही फक्त घरांची अडचण नाही. सिंगापूरच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ मध्ये 'सिटिझन आर्काइव्हिस्ट' नावाचा उपक्रम सुरू केला. ज्या फोटोंची नोंद अपुरी आहे, त्यांत कोण आहे, जागा कुठली, प्रसंग कोणता, हे नागरिकांनी बघून लिहावं अशी ती विनंती. पगारी तज्ज्ञ असलेल्या संस्थेलाही लोकांना विचारावं लागतं, कारण हे ज्ञान पुस्तकांत नसतं. ते लोकांच्या डोक्यात असतं, आणि लोक म्हातारे होतात.

जमेल असा क्रम

पंधरा वर्षांचे फोटो एका शनिवारी लावून होत नाहीत. पण हा क्रम पाळला तर काम अर्धवट राहिलं तरी वाया जात नाही.

१. आधी पूर्ण प्रत घ्या, वेगळ्या डिस्कवर. तिला हात लावायचा नाही.

२. वेळ दुरुस्त करा: भारतवारीतले कॅमेऱ्याचे फोटो, व्हिडिओ, व्हॉट्सॲपचे फोटो. यापुढे घरच्यांना सांगा, महत्त्वाचा फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. मग आतली नोंद शाबूत राहते.

३. मग एकगठ्ठा नावं बदला. साचा एकच ठेवा: तारीख, वेळ, एक शब्द, क्रमांक. जसं '२०२४-११-०१_२१४५_पुणे_००१'. मूळ नाव वर्णनात किंवा नावाच्या शेवटी जपलंत तर उत्तम. तुम्ही लाइटरूमसारखा कॅटलॉग वापरत असाल, तर नाव त्याच्या आतूनच बदला. बाहेरून बदललं की त्याला फाईल सापडत नाही. आयफोनच्या 'लाइव्ह' फोटोत चित्र आणि छोटा व्हिडिओ अशा दोन फाईली एकाच नावाने बांधलेल्या असतात. दोन्हींचं नाव बरोबरीने बदला, नाहीतर जोडी फुटते.

४. शीर्षक सगळ्या फोटोंना देऊ नका. एका प्रसंगातले पाच निवडा. त्या पाचांत कोण, कुठे, कधी, काय, हे चार शब्द नीट लिहा. बाकीच्यांना प्रसंगाचा एक टॅग पुरे.

५. बाहेर पाठवण्याआधी जीपीएस बघा. फोटोच्या आत तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश असू शकतात. संग्रहात ते ठेवा, चारचौघांत टाकायच्या प्रतीतून काढा.

६. वर्षातून एकदा एखादा फोटो बाहेर काढून दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघा. मराठी शीर्षक अक्षरशः तसंच दिसतंय ना? चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली, तर वेळेत कळलं असं समजा.

यातली पहिली तीन कामं आज करा किंवा पाच वर्षांनी, फारसा फरक पडत नाही. आकडे फाईलमध्ये आहेत, ते थांबतील. साधनं उलट आणखी सोपी होतील. चौथं काम मात्र थांबत नाही. १९६२ च्या त्या मुंजीत मागच्या रांगेत डावीकडून तिसरा उभा कोण, हे जाणणारं माणूस आता ऐंशीच्या पुढे आहे, आणि बहुधा रविवारी तुमच्या फोनची वाट बघतंय.

तेव्हा येत्या रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तब्येत आणि हवापाणी झालं की पडद्यावर एक जुना फोटो ठेवा आणि विचारा, "हे कोण?" एका बैठकीला तीन फोटो पुरे. उत्तर ऐकता ऐकता टाईप करा, जसं सांगितलं तसं, त्यांच्याच शब्दांत. नावं अडली तर अडू द्या. पुढच्या रविवारी आठवतात. आणि कॉल संपला की 'सेव्ह' दाबायच्या आधी एवढंच बघा, की तुम्ही लिहिलंय ते ॲपच्या वहीत गेलं की फोटोच्या पाठीवर.